बरणीवाल्याची खुर्ची

बरणीवाला दारात उभा राहिला तेव्हा घरातल्या सगळ्यांनी आधी त्याच्या मागे पाहिलं. मागे जिना होता, आणि जिन्यावर कुणीच नव्हतं.

"या, या," बाबा म्हणाले आणि त्याच्या डोक्यावरून पुन्हा एकदा जिन्याकडे बघून घेतलं. फोनवर इतके दिवस त्याला 'अरे, ऐक' करणारे बाबा एकदम 'या, या'वर आले, तिथेच आत्याने ओळखलं की काहीतरी बिनसलंय. काय बिनसलंय ते शोधायला लांब जावं लागलं नाही. त्याला स्टेशनवरून घेऊन आलेली भिंगरी शेजारीच उभी होती, आणि त्याचं डोकं भिंगरीच्या कानाशी संपत होतं.

चेहरा मात्र तोच होता. दोन वर्षं हा चेहरा या घरात रोज जेवायला हजर असायचा, टेबलावरच्या साखरेच्या बरणीला टेकवलेल्या फोनमधून. बरणीवाला हे नाव आत्याने ठेवलं ते टोमणा म्हणून. पण टोमणा मारणाऱ्याला या घरात कोण विचारतो? नाना त्याच्याशी बुद्धिबळ खेळायचे, भिंगरीची आई त्याला दातदुखीवरची औषधं विचारायची, आणि घरात वाद पेटला की बाबा बरणी आपल्याकडे वळवून न्याय मागायचे. भिंगरीशी लग्न व्हायच्या आधीच घरातला झाला होता तो. फक्त छातीच्या खाली त्याला भिंगरीशिवाय कुणी पाहिलेलं नव्हतं.

"आत तर येऊ दे त्याला," आत्या म्हणाली. "का दारातच उभा करून मोजणार आहात?"

मोजायचं काम आधीच झालं होतं, तीच तर अडचण होती.

या घराच्या खाली खुर्च्यांचा कारखाना आहे आणि वर माणसं राहतात. पण खालचा कायदा वरही चालतो. इथे ज्याची त्याची खुर्ची असते. नानांच्या वडिलांनी पहिली खुर्ची केली ती नानांसाठी. नानांनी पुढे मुलासाठी, मुलीसाठी, सुनेसाठी केल्या. घरात येणाऱ्या माणसाची खुर्ची तो येण्याआधी टेबलाशी लागली की समजायचं, माणूस पसंत आहे. आणि माप नाना नजरेने घेतात. "माणूस दारातून आत येईपर्यंत माझं माप झालेलं असतं," हे वाक्य घरात सगळ्यांनी इतक्या वेळा ऐकलंय की नानांनी 'माणूस' म्हटलं तरी बाकीचं सगळे मनात पुरं करतात.

बरणीवाल्याचं माप नानांनी बरणीवरून घेतलं. बरणी एवढी, तर खांदे एवढे. हिशेब सरळ होता. भिंगरीला त्यांनी एकच गोष्ट विचारली, "उंची?" भिंगरीने हात वर केला. आपल्या डोक्याच्याही वर, टाचा जरा उचलून. "इतका," ती म्हणाली, आणि ते म्हणताना तिचा चेहरा असा काही झाला की पुन्हा विचारायची नानांची हिंमतच झाली नाही.

"बस," नाना आता म्हणाले. ते टेबलाच्या टोकाला आपल्या खुर्चीत आधीपासूनच बसले होते, गुडघ्यांवर शाल घेऊन. जेवायला सगळ्यांच्या आधी येऊन बसायचा आणि सगळ्यांच्या शेवटी उठायचा मान नानांचा, आणि शाल अलीकडे बाराही महिने असायची. म्हातारपणी माणसाला थंडी वाजते, असं घरातल्यांनी धरून चाललं होतं.

बरणीवाल्याने खुर्ची पाहिली. भिंगरीने विणलेली वेताची बैठक पाहिली. मग तो बसला. म्हणजे हातांवर जोर देऊन जरा उडी मारावी लागली, पण बसला. त्याचे पाय जमिनीपासून चांगले चार बोटं वर राहिले.

 आईने घाईघाईने भात वाढायला घेतला. भात वाढून झाला तरी कुणी बोलेना, तेव्हा तिने पुन्हा वाढला.

"फोनवर तू उंच होतास," नाना म्हणाले. त्यात प्रश्न नव्हता, तक्रार होती.

"फोनवर मी बसलेला असायचो, नाना."

"हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"नाना, काय बोलताय!" आत्या मध्ये पडली. "त्याने काय फोन करून सांगायचं, 'हॅलो, मी बुटका आहे' म्हणून?"

बोलून गेल्यावर आत्याला स्वतःचंच नवल वाटलं. या स्थळाला घरात विरोध कुणाचा होता, तर एकट्या तिचा. 'फोनचा काय भरवसा, बटण दाबलं की जावई गेला' हे तिचं म्हणणं. आज तिचं खरं ठरण्याचा दिवस होता आणि तिला त्यात काडीची मजा येत नव्हती. गाद्या आणि उशा शिवण्यात तिचं आयुष्य गेलं होतं, अवघडून बसलेला माणूस तिला बघवत नसे. आणि हा तर अवघडून बसूनही खुर्चीच्या हातांवरून तळवा फिरवत म्हणत होता, "हात किती बरोबर आलेत, नाना. कोपर अगदी जिथल्या तिथे."

"खांदे मी मोजले होते," नाना म्हणाले आणि भिंगरीकडे बघितलं. भिंगरी ताटाकडे बघत होती.

बरणीवाल्याला हे स्वयंपाकघर पाठ होतं, पण फक्त बरणीसमोरचं. फ्रिज, भिंतीवरचं घड्याळ, आत्यांचं उजवं कोपर. बरणीच्या मागे खिडकी आहे आणि तिच्यातून समोरच्या घराची गच्ची दिसते, हे त्याला आज कळलं. दोन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कशाला, घराला खिडकी असतेच. पण त्याला उगाचच चुकल्यासारखं झालं. रोज ज्या घरात आपण जेवलो, त्याची निम्मी बाजू आपण पाहिलीच नव्हती.

तो एका बोगद्याच्या कामावर मोजणीदार होता. डोंगर दोन्ही बाजूंनी खणत आणायचा आणि मध्ये गाठ घालायची, ती गाठ नेमकी पडतेय का हे बघायचं त्याचं काम. इतरांना वाटत होतं तो लग्नाची तारीख ठरवायला आलाय. तो आला होता ते काम आणखी वर्षभर लांबलंय हे सांगायला. डोंगराच्या पोटात पाणी लागलं होतं. ही गोष्ट फोनवर सांगायची नाही, समोर बसून सांगायची, असं ठरवून तो दोन गाड्या बदलून आला होता. समोर बसल्यावर पाय लोंबकळतील, हे त्याने धरलं नव्हतं.

"दोन्हीकडून खणत येता म्हणे तुम्ही," आत्या म्हणाली. ती त्याला बोलतं करायला बघत होती. "मध्ये भेटता का नक्की?"

"भेटतो. थोडंफार इकडेतिकडे होतंच, आत्या. मग भिंती तासून घेतो."

"आणि कधी भेटणार आहात?"

त्याच्या हातातला चमचा पडला. तो वाकून टेबलाखाली गेला.

टेबलाखाली सगळं घर हजर होतं. आत्यांच्या चपला, बाबांचे घट्ट रोवलेले पाय, भिंगरीची खुर्चीच्या आडव्या पट्टीला वेटाळलेली पावलं. आणि टोकाला, शालीच्या झालरीखाली, मोजे घातलेले दोन पाय. तेही जमिनीपासून वर. त्याच्यासारखेच, जवळपास तेवढेच. हळूहळू झुलत होते.

तो चमचा घेऊन वर आला तेव्हा नाना त्याच्याकडे टक लावून बघत होते. दोघांपैकी कुणीही पापणी हलवली नाही. मग नानांनी मिठाची वाटी त्याच्याकडे सरकवली.

"मीठ घे."

"पुरेसं आहे, नाना."

"घे म्हणतो ना."

त्याने घेतलं. भात खारट झाला, तो तसाच गिळला, आणि त्या भरात सांगूनही टाकलं. पाणी लागलंय. आणखी वर्ष जाईल. सोडून यायचं तर येता येईल, पण गाठ पडायच्या आधी सोडलेलं काम आयुष्यभर खुपत राहील.

"वर्ष," भिंगरी म्हणाली. मग उठली. "मला खाली एक बैठक पुरी करायचीय."

दिवसदिवस एका जागी बसून वेत विणणाऱ्या मुलीला भिंगरी म्हणणारं हे एकच घर असेल. पण जिना ती उतरली ती मात्र नावाप्रमाणे.

"हे काही बरोबर नाही," बाबांनी सुरुवात केली. सकाळपर्यंत ते बरणीवाल्याचे सर्वांत मोठे वकील होते. "दोन वर्षं मुलगी थांबली. आता तिसरं? उद्या चौथं सांगाल."

"तू बोलू नकोस, दादा," आत्या म्हणाली. "लाकूड घ्यायला महिन्याभरासाठी म्हणून गेलास आणि पाऊस संपल्यावर उगवलास. तेव्हा वहिनीला कुणी विचारलं होतं का?"

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

"काही वेगळी नव्हती," आई शांतपणे म्हणाली. "मी यांच्या खुर्चीवर इस्त्रीचे कपडे ठेवायला लागले होते. आले तेव्हा उचलावे लागले, जिवावर आलं होतं."

बाबा तिच्याकडे बघतच राहिले. लग्नाला इतकी वर्षं झाली, हे त्यांना आज कळत होतं. त्यांनी पाठिंब्यासाठी नानांकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. नाना कडाडणार, हे ठरलेलं होतं.

"जेवा," नाना म्हणाले. "पोराला भात वाढा. आणि खुर्चीला कुणी करवत लावायची नाही. आपल्या घरात खुर्चीचे पाय कापत नाहीत."

कारखान्यात दुपारी कुणी नव्हतं. भिंगरीने अर्धवट बैठक पुढ्यात घेतली खरी, पण वेत भिजवायला पाणी ओतलं आणि त्यातच बघत बसली. रडू येत होतं आणि कशाचं ते नीट कळत नव्हतं. वर्षाचं होतं, पण वर्षाचंच नव्हतं. सकाळी स्टेशनवर ती त्याला शोधत होती आणि तो समोर येऊन उभा राहिला तरी तिची नजर त्याच्या वरूनच गेली होती, लांब, गर्दीत. तो हसला म्हणून सापडला. इतकं प्रेम केलं ते नक्की कुणावर, हा प्रश्न तेव्हापासून तिच्या मागे लागला होता.

फोन वाजला. त्याचाच.

"कुठे आहेस?" तिने सवयीने विचारलं.

"तुझ्या डोक्यावर. जिन्याशेजारच्या खोलीत. आत्यांनी विश्रांती घ्यायला पाठवलंय. त्यांनी पायाखाली घ्यायला तीन उशा दिल्यात."

ती हसली. सकाळपासून पहिल्यांदाच. फोनमधून त्याचा आवाज आला की तो परत तो व्हायचा.

"खरं सांग," ती म्हणाली, "तू आधीपासून एवढाच होतास?"

"एवढाच. आपण पहिल्यांदा भेटलो त्या प्रदर्शनात तू स्टुलावर बसून विणत होतीस, मी चारही दिवस उभा होतो. तू मान वर करूनच बघायचीस."

"आणि नंतर भेटलो तेव्हा? स्टेशनवर?"

"मी डब्याच्या पायरीवर होतो. तू खाली."

 मग तो म्हणाला, "मला तुझा भांग पाठ आहे. आज पहिल्यांदा तुझी हनुवटी खालून बघितली."

"कशी आहे?"

"फोनमधली बरी होती."

"मेल्या!" ती म्हणाली. "खाली ये."

"येतो. फोन ठेवू?"

"नको. बोलत ये."

तो बोलत जिना उतरला. उतरता उतरता त्याचा आवाज आधी फोनमधून, मग फोनमधून आणि जिन्यातून, आणि मग नुसता समोरून येऊ लागला. तो तिच्यासमोर येऊन थांबला तरी दोघांचे फोन कानालाच होते. ते खाली घेतल्यावर मात्र बोलणं आटलं. रोज तासन् तास बोलणारी ही माणसं एकमेकांपुढे पाहुण्यांसारखी उभी राहिली.

भिंगरीला जे येत होतं ते तिने केलं. खिशातून टेप काढला आणि गुडघ्यावर बसली.

"सरळ उभा राहा. बूट काढ."

तिने त्याच्या गुडघ्यामागे टेपचं टोक धरलं आणि दुसरं जमिनीला टेकवलं. त्याच्या पँटीला गाडीचा वास येत होता, आणि त्याखाली साबणाचा. कुठला साबण वापरतोस हे दोन वर्षांत तिने कधी विचारलं नव्हतं. गुडघ्यामागे तिची बोटं होती तिथे त्याचा पाय जरासा थरथरला. त्याचं सगळं बोलणं ऐकूनही तिला त्याच्याबद्दल जे कळलं नव्हतं, ते त्या थरथरीत कळलं. हाही घाबरलाय.

"मी तुला वीतभर वाढवलं," ती खालीच बघत म्हणाली. "मुद्दाम नाही. मला खरंच तू तेवढा वाटत होतास. आणखी काय काय वाढवून ठेवलंय कोण जाणे. आणि तू अजून वर्षभर नाहीस. परत तेच करेन मी."

"मग आत्ता बघून घे. उद्या संध्याकाळपर्यंत आहे इथे. जास्तीचं वाटेल ते काप."

"आणि कापल्यावर जे उरेल ते मला नाही आवडलं तर?"

त्याने बूट पुन्हा पायात सरकवले.  भिंगरीने टेप गुंडाळला. माप झालं होतं, पण नानांचा शब्द मोडून करवत उचलायची तिची तयारी नव्हती. "जा वर," ती म्हणाली, "मला जरा एकटीला विणू दे." तो गेला.

चहाच्या वेळेआधी जिन्यावर पुन्हा पावलं वाजली. आधी नाना दिसले, कठड्याला धरून, एकेक पायरी बघून उतरणारे. त्यांच्या मागे एक खुर्ची उतरत होती, आणि खुर्चीखाली दोन बुटके पाय होते. बरणीवाल्याने नानांची खुर्ची डोक्यावर घेतली होती.

"इथे ठेव," नाना म्हणाले. "अलगद. माझ्या वडिलांच्या हातची आहे."

त्याने ठेवली. नानांनी शाल काढून बाकावर टाकली, खुर्चीच्या हातांवर जोर दिला, आणि जरा उडी मारून बसले. मोज्यातले पाय हवेत झुलू लागले.

भिंगरी आधी पायांकडे आणि मग नानांकडे बघत राहिली.

"कधीपासून, नाना?"

"कधीपासून काय? माणूस काय एका रात्रीत उतरतो? पहिल्यांदा मला वाटलं, खुर्चीच वाढली."

तिला हसू फुटलं आणि त्याच्याबरोबर डोळेही भरले. "मी रोज समोर बसते तुमच्या. रोज. मला कसं दिसलं नाही?"

"दाखवायचं असतं तर शाल कशाला घेतली असती?" नाना म्हणाले. "करवत लावू नका, लावू नका करत बसलो. वाटायचं, लावली की वडिलांनी माझ्यासाठी केलेली खुर्ची दुसऱ्याच कुणाची होईल. एका हाडकुळ्या म्हाताऱ्याची. पण आता पायांना मुंग्या येतात गं. जेवणाची चव लागत नाही." त्यांनी बरणीवाल्याकडे मान वळवली. "याला जेवतानाच दिसलं. चमचा पडला तेव्हा."

भिंगरी त्याच्याकडे वळली. "तुला माहीत होतं? मग मघाशी बोलला का नाहीस? एवढं सगळं तुझ्यावर निघत होतं तिथे!"

"नानांनी मीठ दिलं होतं," तो म्हणाला.

"खारट भात गिळला, पण अवाक्षर नाही," नाना म्हणाले. आवाजात कौतुक होतं आणि ते लपवायचा त्यांनी काही प्रयत्न केला नाही. "मी इथे त्याला फसवा ठरवत होतो."

भिंगरी बरणीवाल्याकडे बघत राहिली. स्टेशनवरून आणल्यापासून पहिल्यांदाच तिची नजर त्याच्या डोक्यावरून गेली नाही, नेमकी त्याच्यावर थांबली. हे गप्प राहणं तिने मनाने वाढवलेलं नव्हतं. ते तिला माहीतही नव्हतं. ते त्याचं स्वतःचं होतं, आणि तिला ते फार आवडलं.

"वर्ष म्हणजे वर्ष," ती त्याला म्हणाली. "वर एक दिवस गेला तर तुझ्या खुर्चीवर मी इस्त्रीचे कपडे ठेवेन."

"चालेल."

"आणि मध्ये मी येणार तिकडे. राहायला. वेत कुठेही विणता येतो. बसायला काय आहे तुझ्याकडे?"

"लोखंडी खुर्ची. घडीची."

"शी!" भिंगरी आणि नाना एकदम म्हणाले.

तिने करवत काढली. बरणीवाला वर जाऊन आपली खुर्चीही घेऊन आला, त्याच्या मागून जिन्यावर आत्या आणि बाबा येऊन उभे राहिले, काय चाललंय ते बघायला. नानांनी त्यांना बघितलं. शालीकडे हात गेला, मग त्यांनी तो मागे घेतला आणि पाय तसेच झुलू दिले. आत्याने तोंडावर हात धरला. बाबा मटकन पायरीवर बसले.

भिंगरी नानांच्या पायांशी बसली. पेन्सिल कानावरून काढली आणि नानांनीच शिकवलं होतं तसे डोळे बारीक करून खुर्चीच्या पायावर खूण करायला गेली.

"टेप लाव," नाना म्हणाले. "घरातलं माणूस आहे. नजरेवर जाऊ नकोस."